२२१४ची मुलगी

तुम्ही ते लेकरू चोरलंत. मारलंत ते मारलंतच, वर मारून झाल्यावर आईला दिलं नाहीत, ठेवून घेतलंत. आमच्या कोळ्यांच्या गावात याला चोरी म्हणतात.

शिगेताईला सातवा महिना होता. या बेटावर महारोग्यांना लग्नाची परवानगी आहे, मुलाची नाही. नवऱ्याची नसबंदी झाल्याशिवाय जोडप्याला खोली मिळत नाही. तिचा नवरा इसाबुरो, त्याची नस तुमच्या शिकाऊ डॉक्टरानं कापली, ती धड कापली गेली नाही, आणि शिक्षा झाली बायकोला: मूल पाडलंत. टेबलावर तिनं मूल रडलेलं ऐकलं. एकदाच. नर्स म्हणाली, "भास झाला तुला." त्याच हिवाळ्यात इसाबुरो गेला.

शिगेताई आमिदा बुद्धाची भक्त. मेल्यावर जायची ती आमिदाची भूमी पश्चिमेला, म्हणून रोज सकाळी समुद्राकडे तोंड करून ती नाम घ्यायची. बोटं उरली नाहीत, तर माळ मनगटात अडकवायची. मूल गेलं, नवरा गेला, नाम चुकलं नाही.

मी तिच्या शेजारच्या खोलीत. इथे झाडण्यापुसण्यापासून प्रेतं जाळण्यापर्यंत सगळी कामं रोगीच करतात. एक दिवस मला मुडदे फाडायची खोली पुसायला धाडलं. फडताळात काचेच्या बरण्या होत्या. एकीवर चिठ्ठी: आईचा नंबर २२१४, सात महिने, मुलगी. २२१४ म्हणजे शिगेताई. मी येऊन तिला सांगितलं. सांगायला नको होतं.

"मुलगी आहे?" ती म्हणाली. मग, "केस आहेत का रे, गेन्जो?"

"आहेत."

"बापासारखे राठ असणार." आणि हसली. मला तिथे बसवेना.

दुसऱ्या दिवसापासून तिनं पश्चिम सोडली. बरण्या होत्या त्या विटांच्या इमारतीकडे तोंड करून नाम घ्यायला लागली.

तिचं मागणं एवढंच होतं: मुलगी द्या, तिच्यावर नाम म्हणू द्या, जाळू द्या, अस्थी बापाशेजारी ठेवू द्या. मी तीन अर्ज लिहिले. तिसरा घेऊन दोघं कचेरीत गेलो.

"धर्माचा कागद?" कारकुनानं विचारलं.

बोटीतून उतरल्या उतरल्या इथे धर्म विचारतात. मेल्यावर कुणाला बोलवायचं ते आधीच ठरलेलं बरं. मी 'कुठलाच नाही' म्हणालो होतो, तर हाच कारकून खेकसला होता, "तसा रकानाच नाही. तुला जाळताना काय मी गाणी म्हणू?" मग रांगेत माझ्या पुढच्यानं जो सांगितला तोच मी सांगितला.

"लेकराचा कुठला कागद, साहेब?" शिगेताई म्हणाली.

"मग ती दाखलच नाही. दाखल नाही तर धर्म नाही. धर्म नाही तर अंत्यविधी नाही."

"दाखल नाही, तर तुमच्या फडताळात कशी?" मी म्हणालो.

"तो नमुना आहे. आणि तू फडताळात डोकावलासच कसा?"

या प्रश्नाचे मला कोठडीत सात दिवस.

महिन्यातून एकदा भिक्षूमहाराज बोटीनं येतात, हातमोजे घालून उपदेश करतात. त्यांनी तरी रदबदली करावी म्हणून ती गेली, सोबत मी. त्यांनी तिला झापलं.

"आमिदाकडे पाठ करून आमिदाचं नाम? लाज नाही वाटत, बाई?"

"महाराज, त्याला पाठीमागूनही ऐकू येतं. तिचे कान अजून लहान आहेत."

"हे तुमच्या मागच्या जन्मीचं पाप आहे. निमूट भोगा."

"माझं असेल. पण तिला तर हा जन्मसुद्धा मिळाला नाही."

महाराज हातमोजे ओढत राहिले. मग बोटीची वेळ झाली.

परतताना मी चिडलो. "सोड ना ते नाम, ताई! काय दिलं त्यानं तुला?"

"काही नाही दिलं."

"मग?"

"मी सोडलं तर तिच्यासाठी कोण म्हणणार? तू? तुझा तर धर्मच उसना!"

या वसंतात तिचे डोळे गेले. युद्धानंतर आलेलं नवं औषध तिला मिळालं, पण उशिरा. आता रोज सकाळी मी तिचे खांदे धरून तिला इमारतीकडे वळवतो. ती मान लववते आणि सुरू करते.

गेल्या महिन्यात मला पुन्हा ती खोली पुसायला लावलं. फडताळ रिकामं. धुळीत बरण्यांचे गोल तेवढे उरलेले. कारकुनाला विचारलं.

"नमुने रवाना झाले."

"कुठे?"

"तुला काय करायचंय?"

तिला मी हे सांगितलेलं नाही. एकदा सांगून बघितलं, तेवढं पुरे झालं. रोज मी त्या आंधळ्या बाईला रिकाम्या फडताळासमोर उभं करतो आणि ती तासभर आपल्या लेकीशी बोलावं तसं नाम घेते. कधी थांबून विचारते, "बरोबर उभी आहे ना रे?" मी हो म्हणतो.

म्हणून हा चौथा कागद. यात अस्थी मागत नाही, विधी मागत नाही. तुम्ही ती मुलगी विद्यापीठात धाडलीत, भट्टीत टाकलीत की समुद्रात ओतलीत? उद्या उजाडेल, ती माळ अडकवून दारात येईल. मी तिचं तोंड कुणीकडे करू? उत्तर द्या.