माणूस दिसला की

ग्वीरोंगने पांडाचे डोके उतरवून खुंटीला अडकवले आणि घामाने मानेला चिकटलेले केस सोडवले. मग अंगातला काळापांढरा झगा काढला. त्याला मुद्दाम फासलेल्या पांडाच्या मुताचा दर्प खोलीभर पसरला. पिल्लाला माणसाची ओळख होऊ नये म्हणून दोन वर्षे ती हेच सोंग घेऊन त्याच्या कुंपणात जात होती. आज पहिल्यांदाच ती माणूस म्हणून आत जाणार होती. तिला पाहून पिल्लाने पळ काढला, तर त्याला पानगळीत डोंगरावर सोडायचे. जवळ आले, तर शहरातले प्राणिसंग्रहालय, जन्मभर.

बाहेर मचाणावर संस्थेला देणग्या देणाऱ्या बिस्किट कंपनीचे पाहुणे जमले होते. प्रत्येकाच्या डोक्यावर पांडाचे कान लावलेली टोपी.

"बघ, बघ," ती खिडकीतून बाहेर पाहत म्हणाली. "आपण निदान पगार घेऊन सोंग काढतो. हे हौसेनं काढतायत."

तिच्यासारखाच पिल्ले सांभाळणारा चूदादा हसला नाही. तो थर्मासमधला चहा ओतत राहिला. गेल्या वर्षी त्याने वाढवलेली मादी याच चाचणीत नापास झाली होती. सगळ्यांदेखत येऊन तिने त्याच्या पोटरीला मिठी मारली होती. आता ती सिमेंटच्या ओट्यावर बसून असते आणि काचेपलीकडून पोरे तिला हाका मारतात.

"तू बोलत असणार तिच्याशी," ग्वीरोंग म्हणाली. वर्षभर ती हेच म्हणत होती. "मायेचं एवढं भरतं येत होतं, तर कुत्रं पाळायचंस."

"एक शब्द बोललो नाही गं."

"मग तिला काय स्वप्न पडलं?"

चूने कप पुढे केला. तिने तो घेतला नाही.

दार ढकलून संचालक फेई आत आले. बुटांना चिखलाचा ठिपका नाही. या गृहस्थांनी डोंगरात एक रात्र काढली नव्हती, पण भाषणात पांडाला 'आमचं लेकरू' म्हणताना त्यांचा गळा नेमका वेळेवर दाटून यायचा.

"ग्वीरोंगताई, लाज राखा हं आपली. सोडायच्या समारंभाचे फलकसुद्धा छापून झालेत."

"मग वाचून दाखवते की त्याला."

"तुमचं आपलं काहीतरीच!" फेई हसत हसत पाहुण्यांकडे गेले.

कुंपणाच्या आत बांबू दाट होते. त्यांच्या आड मचाण दिसेनासे झाले. पिल्लू, म्हणजे म्हणायला पिल्लू, वजनाने तिच्याहून भारी, बसून कोंब सोलत होते. नियमाप्रमाणे ती हात खाली सोडून गप्प उभी राहिली.

त्याने वर पाहिले. कोंब खाली टाकला. ती त्याच्या पळण्याची वाट पाहत राहिली.

ते उठले आणि आत वळलेल्या पावलांनी डुलत, अजिबात घाई न करता तिच्याकडे आले. रोज सकाळी त्या सोंगाला पाहून ओरडायचे तसेच कोकरासारखे हलके ओरडले आणि तिच्या गुडघ्याला डोके टेकवून उभे राहिले.

दोन वर्षांत ती त्याच्यासमोर साधी खोकलीसुद्धा नव्हती.

तिचा हात त्याच्या कानाकडे गेला. मध्येच थांबला. मग ती मागे सरली, खाली वाकली आणि तिने दगड उचलला.

पहिला दगड त्याच्या खांद्याला लागला. कोणी मारले हे पाहायला त्याने मागे वळून पाहिले. दुसरा तिने नाकावर मारला, तो मारताना तिने त्याच्या डोळ्यांत पाहिले. तेव्हा कुठे ते किंचाळले आणि बांबू मोडत समोरच्या उंच झाडावर चढले.

मचाणावर टाळ्यांचा कडकडाट झाला.

"काय पळालं हो!" फेई फाटकाशी धावत आले. "जवळ आलं होतं का?"

"नाही."

"वाटलंच मला. रक्तातच असतं त्यांच्या." मग त्यांनी आवाज खाली आणला. "फक्त एक अडचण झालीय. बांबूंमुळे पाहुण्यांचा फोटो हुकला. पुन्हा एकदा आत जाल का? आता या उघड्या बाजूनं."

चूदादा काहीतरी बोलायला पुढे झाला. ग्वीरोंगने मानेनेच त्याला थांबवले.

ती झाडाखाली मोकळ्यावर जाऊन उभी राहिली. दोन्ही तळवे उघडून पुढे धरले, रिकामे. वर दोन फांद्यांच्या बेचक्यात बसलेल्या पिल्लाने तिला ओळखले, आणि ते आणखी वर चढले.

मचाणावर कॅमेरे वाजू लागले.