इस्त्रीच्या टेबलाखालचा सर्व्हर

मित्रांनो, मी एक जुना संगणक आहे आणि मला झालेला अपमान विसरता येत नाही. हे आधीच सांगून ठेवतो, म्हणजे पुढे मला चांगला समजून तुमची फसगत व्हायला नको.

एके काळी मी बैठकीत होतो. या घरच्या वहिनी कपड्यांचे पॅटर्न काढतात. बाही, कॉलर, खिसा, सगळे आधी माझ्या पडद्यावर आखायचे आणि मग कागदावर कापायचे. अकरा वर्षांत असे चौदाशे पॅटर्न माझ्या पोटात जमले. वहिनींचे पोट त्यांच्यावरच चालते.

मग त्यांच्या दिरांनी, म्हणजे भावजींनी, नव्या संगणकाची एक काळी पेटी आणली. पॅटर्न तिच्यात गेले, ती माझ्या जागेवर बसली आणि मला शिवणाच्या खोलीत इस्त्रीच्या टेबलाखाली ढकलले. माझ्या कपाळावर भावजींनी चिठ्ठी चिकटवली, ‘भंगार’. बिघाड झाला की मी पी-पी करून ओरडत असे. डोके उठते म्हणून त्यांनी माझ्या भोंग्याची तारही काढली.

काम मात्र सुटले नाही. रोज दुपारी एक वाजता नव्या पेटीतले सगळे आपोआप माझ्याकडे उतरवले जाई. “तिच्यात नसेल ते यानेही पुसून टाकायचं,” भावजी ऐटीत म्हणाले, “कचरा साठायला नको.” वहिनींनाही त्यांनी दम भरला, “याची पिन काढून इस्त्री लावत जाऊ नका.”

वहिनी हो म्हणायच्या आणि घाई असली की काढायच्याच.

एके दिवशी साडेबाराला नव्या पेटीची डिस्क बंद पडली. आम्ही एकाच वायरीवर, त्यामुळे मला लगेच कळले. पॅटर्नच्या जागी आता रिकामा फोल्डर होता. एक वाजता तोच रिकामेपणा माझ्याकडे येणार आणि मी चौदाशेच्या चौदाशे पॅटर्न पुसणार, भावजींच्या हुकमाप्रमाणे. खरे सांगतो, मला आनंद झाला. माझा भोंगा चालू असता तरी मी ओरडलो नसतो. वहिनींचा चेहरा डोळ्यांसमोर आला. मी तो बाजूला सारला. त्याची लाज मला आजही वाटते.

एकला पाच कमी असताना वहिनी वाकल्या. ऑर्डर न्यायला माणूस येणार होता. त्यांनी माझी पिन काढून इस्त्रीची लावली आणि त्या घाईत माझी परत लावायची राहून गेली.

चार वाजता वहिनींना नव्या पेटीतला फोल्डर रिकामा दिसला. त्यांनी भावजींना हाक मारली. भावजी धावत आले आणि आपला एकचा हुकूम आठवून पांढरे पडले. मग माझी सुटलेली पिन त्यांना दिसली.

“वहिनी, जुन्याची पिन कधी काढलीत?”

“एकच्या आधी. का, परत दम भरायचाय मला?”

भावजी गुडघे टेकून टेबलाखाली शिरले. दोऱ्यांचे तुकडे, धूळ, एक हरवलेली टाचणी, सगळे त्यांच्या हाताला लागले. तो रिकामेपणा माझ्याकडे उतरू नये म्हणून आधी त्यांनी माझी नेटवर्कची वायर उपटली, मग पिन लावली. मी मुद्दाम सावकाश जागा झालो.

कालपर्यंतचे सगळे पॅटर्न माझ्याकडे होते. वहिनींना रडू फुटले. मग त्यांनी डोळे पुसले आणि म्हणाल्या, “भावजी, ती चिठ्ठी तुम्हीच काढा.” चिठ्ठी अर्धीच निघाली, उरलेली त्यांना नखांनी खरवडावी लागली.

मित्रांनो, नुसती प्रत ठेवून भागत नाही, ती परत मिळते का हेही बघावे लागते. आणि जे टेबलाखाली पडले आहे त्याचीही विचारपूस करावी. आता दर महिन्याच्या पहिल्या रविवारी भावजी वहिनींसमोर गुडघे टेकून माझ्याकडे एक पॅटर्न परत मागतात. तीन मिनिटांत देता येतो. मी सात लावतो.