गोंड्यावरचं अत्तर

हमूद दारातून आत आला की मी आधी त्याच्या तोंडाकडे बघत नाही, गोंड्याकडे बघते. आमच्याकडे पुरुषांच्या पायघोळ अंगरख्याला गळ्याशी एक गोंडा लोंबतो आणि तो अत्तरात बुडवायचं काम घरच्या बाईचं. हमूदला बायका दोन. एक दिवस तो माझ्याकडे असतो, एक दिवस पुलापलीकडे रय्याकडे. मी भिजवलेल्या गोंड्यावर ती सकाळी आपलं अत्तर चढवते आणि तोच अंगरखा घालून तो माझ्याकडे परत येतो. वर तिचा वास, खाली माझा. दोन वर्षं मी हे नाकानं सहन करतेय.

आम्ही बायका अत्तर लावतो ते मन बघून. माझ्या लाकडी पेटीत सतरा कुप्या आहेत. मन शांत असलं तर डोंगरातलं गुलाबपाणी, आईची आठवण आली तर चंदन, नवऱ्याला दुकानात जाऊ द्यायचं नसलं तर कस्तुरी. डोकं फिरलं असलं की नुसतं केशर, तेही चांगलं उग्र. केशराचा वास आला की हमूद उंबऱ्यातूनच विचारायचा, "मी बाहेरूनच जेवून येऊ का?" सोळा वर्षांत या माणसाला माझा राग तोंडानं सांगावा लागला नाही.

आता रय्याचंही मला सगळं कळतं. मोगरा आला म्हणजे बाईसाहेब खुशीत. गुलाबावर लवंग आली म्हणजे माहेरची माणसं येऊन गेली. नुसता लोबान आला म्हणजे अबोला. त्या दिवशी मी हमूदला दोन मासे जास्त वाढते. पोरगी चोवीस वर्षांची आहे, पण तिचा हात चांगला आहे. किती लावायचं आणि कुठे थांबायचं ते तिला कळतं. हे मी कबूल करते आणि करताना माझा जीव जळतो. चांगलं काहीतरी माझ्यापुरतं ठेवायला काय हरकत होती देवाला?

गेल्या महिन्यात एके दिवशी तो आला आणि गोंड्याला कसलाच वास नाही. मोगरा नाही, लोबानसुद्धा नाही. म्हणजे अबोल्याच्याही पलीकडे गेलंय, तिनं गोंड्याला हात लावायचंच सोडलंय. मला इतका आनंद झाला की मी संध्याकाळी शेजारच्या नसरामावशीला बोलावून हलवा खाऊ घातला. दुसऱ्या दिवशी त्याला निरोप देताना मी पेटीतला सगळ्यात महागडा ऊद, अगरूच्या लाकडाचं अत्तर, काढला. लग्नात माझ्या बापानं दिलेला, थेंबाथेंबानं जपलेला. गोंडा त्यात असा बुडवला की पूलच काय, तिच्या उशीपर्यंत मी पोचावं.

पुढल्या वेळीही तो तसाच कोरा आला. त्याच्या पुढच्या वेळीही. मी मावशीला म्हटलं, बिनसलंय त्यांचं, चांगलंच बिनसलंय. मावशीनं कहव्याचा घोट घेतला आणि शांतपणे म्हणाली, "तिचं अत्तर नाही, हे समजलं. पण तुझा ऊद कुठे गेला?"

तो ऊद आठवडाभर कापडातून निघत नाही. त्या रात्री हमूद झोपल्यावर मी खुंटीवरचा अंगरखा घेऊन गोंडा नाकाला लावला. साबणाचा वास आला. साबण लावून, चोळून, माझा ऊद धुऊन टाकला होता. इतके दिवस खाली का होईना, मी असायची. आता तिला तेवढंही चालेना. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला.

तिसऱ्या दिवशी सकाळी, तो रय्याकडून निघून दुकानात मासेमारीची जाळी मोजत बसला असेल तेव्हा, मी पूल ओलांडला. अंगाला केशर लावलं होतं, सांगायला नकोच. रय्यानं दार उघडलं. तोंड पांढरं, डोळे खोल गेलेले. मला बघून ती एक पाऊल मागे सरली. मला वाटलं, घाबरली. बरं वाटलं मला.

तिनं खजूर ठेवले, कहवा दिला, बसली. इकडचं तिकडचं बोलून झालं. तिची बहीण, माझं गुडघ्याचं दुखणं, माशांचे भाव. मग बोलणं संपलं आणि मी धुपाटण्याची वाट बघत बसले. आमच्याकडे पाहुणीपुढे शेवटी धूप येतो, ती ओढणीत धूर घेते, आणि मग उठते. धूप आल्यावर कुणी बसत नाही आणि धूप आल्याशिवाय कुणी उठत नाही. कहव्याची चौथी वाटी झाली. धूप येईना. कोपऱ्यात धुपाटणं होतं, पण घासूनपुसून कोरडं, महिनाभर निखारा न बघितलेलं. माझी इथेही तीच किंमत. गोंड्यावरून धुऊन काढली, आता घरातून बिनधुपाची घालवणार.

"धूप संपला का गं तुझ्याकडे?" मी म्हटलं. "नसेल तर सांग, मी पाठवून देते. नवऱ्याला वास आवडतो त्या घरात इतकी कंगाली बरी नाही."

रय्यानं माझ्याकडे बघितलं. तिच्या डोळ्यांत पाणी होतं, पण मान ताठ. ती उठली, आत जाऊन निखारे आणले, त्यावर धुपाची चिमूट टाकली आणि धुपाटणं दोन्ही हातांनी माझ्यापुढे धरलं. धूर वर आला. तिनं श्वास रोखून धरलेला मला दिसला. तिचे ओठ निळसर झाले, मग धुपाटणं कसंबसं जमिनीवर ठेवून ती तोंड दाबत मोरीकडे धावली.

ओकारीचा आवाज आला आणि मला सगळं समजलं. समजायला मला एक क्षणही लागला नाही, कारण मी स्वतः यातून गेले आहे. चौदा वर्षांपूर्वी, चार महिने. गुलाबपाण्याचासुद्धा वास सहन होत नव्हता. पेटी नसरामावशीकडे ठेवायला दिली होती. पाचवा महिना लागलाच नाही आणि पेटी परत आली.

मी धुपाटणं उचललं, अंगणात नेलं आणि निखाऱ्यांवर हौदातलं पाणी ओतलं. परत आत आले. धूप होऊन गेला होता, मी निघायला हवं होतं, तरी बसले. रय्या भिंतीला धरून आली आणि माझ्यापासून लांब, खिडकीपाशी टेकली. माझं केशर तिला तिथपर्यंत छळत असणार.

"गोंडा तू धुतेस?" मी विचारलं.

"नाही, ताई. ते धुतात. पुलाजवळच्या मशिदीच्या नळावर. घरी येतात ते ओला गोंडा घेऊनच." मग खाली बघत म्हणाली, "तुम्हाला सांगू नको म्हणाले होते. तुम्हाला त्रास होईल म्हणून. मी तर त्यांना विचारलं, तुम्हाला कसं सुचलं धुवायचं? पुरुषांना कुठे कळतं हे."

त्याला कसं सुचलं ते मला माहीत होतं. त्या चार महिन्यांत तो दुकानातून येताना, दिवसभरात गोंड्याला बसलेला वास घालवायला, त्याच नळावर तो धुऊन यायचा. साबणाची वडी खिशात ठेवायचा. ते त्याला मी शिकवलं होतं. माझी एवढी एकच गोष्ट त्याच्याकडे होती, तीही त्यानं हिला दिली. त्यानं हिच्याशी लग्न केलं तेव्हाही मला इतकी आग लागली नव्हती.

"कितवा?" मी विचारलं.

"तिसरा संपतोय."

सुकी भाकरी उशाशी ठेव, उठायच्या आधी खा, एवढं मी सांगितलं. का सांगितलं कोण जाणे. मग पूल ओलांडून घरी आले आणि दार लावून खूप रडले. आमच्या गल्लीत बायकांना पोरांच्या नावानं हाक मारतात, अमक्याची आई, तमक्याची आई. वर्षभरात रय्यालाही नवं नाव मिळेल. मी झुवैनाच राहीन.

संध्याकाळी हमूद आला. मी काही बोलले नाही आणि अंगाचं केशरही धुऊन टाकलं होतं, त्यामुळे त्याला काही कळलं नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी तो निघायला उभा राहिला, सवयीनं हनुवटी वर केली आणि विचारलं, "आज काय?"

पेटी उघडी होती. बापाचा ऊद हाताशी होता. खोटं कशाला बोलू, क्षणभर हात तिकडे गेला. बुडवला असता तर बिचारा मुकाट्यानं गेला असता, नळावर वाकून धुतला असता. पण वास सगळा जात नाही. थोडा उरतोच.

मी गोंडा हातात घेतला, सरळ केला आणि सोडून दिला.

"आज काही नाही," मी म्हटलं. "साबण खिशातच राहू दे."

तो माझ्याकडे बघत राहिला. काहीतरी बोलणार होता, पण मी त्याला ढकलत दारापर्यंत नेलं आणि दार लावून घेतलं.

मग पेटीपाशी बसले आणि ती कुपी मनगटांवर, मानेवर, केसांत रिकामी केली. इतका ऊद मी लग्नातही लावला नव्हता. घरभर वास कोंडला. कोंडेना का, या घरात कुणाला मळमळत नाही.