फॉर्मची मागची बाजू

संसदेत बायकांसाठी जागा राखीव असली, तरी तिच्यावर कोणती बाई बसवायची हे आमच्याकडे बाभळीखाली बसलेले पुरुष ठरवतात. उमेदवारीच्या फॉर्मवर कुळाच्या म्होरक्याची सही लागते. एकच. त्या एका सहीसाठी मी तीन महिने चपला झिजवल्या. फॉर्म गुरुवारी चारच्या आत द्यायचा होता.

बुधवारी सकाळी गावाच्या उत्तरेला, माहेरच्या कुळाकडे गेले. तिथले म्होरके गुलेद काका मेंदीनं रंगवलेली दाढी कुरवाळत बसले होते.

"दहाबो, तू आमचीच लेक," ते म्हणाले. "पण तुला दिली पलीकडे. उद्या खासदार झालीस, तर बोअर कुणाच्या दारात पाडशील? नवऱ्याच्याच ना?"

"मग त्यांची सही घेऊ?"

"घे की. आता तेच तुझे."

दुपारी दक्षिणेला, सासरच्या कुळाकडे. वर्सामे मामंजींनी उंटिणीच्या दुधाचा चहा स्वतःच्या हातानं पुढे केला. मान फार देतात.

"सूनबाई, वीस वर्षांत तुझ्याबद्दल वावगा शब्द ऐकला नाही. पण रक्त त्यांचं. पाहुण्याला कुणी घराची किल्ली देतं का?"

"पाहुणीला पाच पोरं होतात का, मामंजी?"

"पोरं आमची," ते शांतपणे म्हणाले.

मला इतका संताप आला, की चहा तसाच ठेवून उठले.

गुरुवारी सकाळी बोअरवर कुणाचे उंट आधी, यावरून गोळ्या सुटल्या. उत्तरेच्या भिंतीआड माझा भाऊ रोबले बंदूक घेऊन, दक्षिणेच्या भिंतीआड माझा थोरला मुलगा गेदी. अर्ध्या तासात दोन्हीकडून फोन आले. तू दोन्हीकडची, तुझ्यावर कुणी गोळी झाडणार नाही, तूच मध्ये जा. काल मी कुणाचीच नव्हते.

"आधी सही," मी म्हणाले.

"पोरी, ही वेळ आहे का सौद्याची?" काका म्हणाले. मामंजी म्हणाले, "आधी पोरगा वाचव तुझा."

गेले. पांढरी ओढणी डोक्यावर घेऊन दोन भिंतींमधला रस्ता पाच वेळा ओलांडला. उत्तरेच्या उंटांनी सकाळी प्यावं, दक्षिणेच्यांनी संध्याकाळी, हे मी पहिल्याच फेरीत सुचवलं होतं, तेव्हा दोघांनी ऐकून सोडून दिलं. तीन वाजता पडक्या पेट्रोल पंपावर दोघांना समोरासमोर बसवलं, तर काकांनी तेच स्वतःचं म्हणून मांडलं आणि सगळ्यांनी माना डोलावल्या. रागानं माझी कानशिलं तापली होती.

पण बंदूकवाल्या पोरांना तोंडी शब्द चालेना. लेखी हवं, दोघांच्या सह्यांचं. दुकानं बंद, कुणाकडे चिठोरंसुद्धा नाही. सगळ्यांच्या नजरा माझ्या पिशवीकडे वळल्या. आत एकच कागद होता. माझा फॉर्म, पाठीमागून कोरा. उमेदवाराला एकच मिळतो, नंबर छापलेला.

मी तो पंपाच्या ओट्यावर ठेवला, पुढची बाजू वर करून.

"आधी इथे एकानं सही करा. कुणीही. मग मागची बाजू तुमची."

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. त्या दिवसात पहिल्यांदाच त्यांचं चटकन एकमत झालं.

"ती सही कुणी करायची, यावरून पुन्हा जुंपायला नको," मामंजी म्हणाले.

दक्षिणेच्या भिंतीआडून गेदीच्या सपाता दिसत होत्या. वयाच्या अठराव्या वर्षीही उलट्यासुलट्या घालतो. मीच कागद उलटा केला.

दोघांनी माझ्याच पेनानं सह्या केल्या, झोकात. मला एक हवी होती, कागदावर दोन आल्या. काकांनी फॉर्मची घडी घालून सदऱ्याच्या खिशात टाकली. साडेतीन वाजले होते. कचेरी दहा मिनिटांवर.

"पुढच्या खेपेला, इन्शाल्ला, तुझा नक्की विचार करू," ते म्हणाले.

"पुढच्या खेपेला कागद तुमचा आणा," मी म्हणाले, आणि माझं पेन परत मागून घेतलं.