चार मिनिटांचे बर्फ

मी एक जुने जोडयंत्र आहे, मित्रांनो. सिनेमाची फिल्म तुटली की सांधायची आणि नको असलेला भाग कापायचा, हे माझे काम. दिसायला मी पावाच्या डब्याएवढे, पण माझ्या पात्याची धार अजून गेलेली नाही. ती गेली असती तर बरे झाले असते, असे मला अधूनमधून वाटते.

शिकागोच्या एका कारखान्यात माझा जन्म झाला. तिथून मी मोंटानातल्या कॉटर्स बेंड गावी, बायसन थिएटरच्या माडीवर आले. पडद्याकडे बघायच्या झरोक्याला लागूनच माझे टेबल होते, त्यामुळे प्रत्येक सिनेमा मी पाहिला. सिनेमा दाखवायचे यंत्र चालवणारा ऑरविल लुंडग्रेन मला रोज फडक्याने पुसायचा. "माझ्यापेक्षा ह्याचा हात हलका," असे तो येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचा आणि मी फुशारून जायचे.

हिवाळ्यात तिथे साडेचारलाच अंधारून येते. त्याआधी घरी पोचून लोकांना गुरांपुढे गवत टाकायचे असते. म्हणून दुपारचा खेळ लांबू द्यायचा नाही, अशी रीतच पडली होती. लांबण दिसली की ऑरविल ती कापायचा, पत्र्याच्या टोपलीत ठेवायचा आणि सोमवारी फिल्म पुढच्या गावी जाण्याआधी पुन्हा जोडायचा. कधी त्याला आठवण राहायची, कधी नाही.

एका जानेवारीत दरोडेखोरांचा एक सिनेमा आला. त्याचे चित्रीकरण आदल्या हिवाळ्यात आमच्याच खोऱ्यात झाले होते, म्हणून गुरुवारी सगळे गाव लोटले. पण सिनेमा फारच संथ निघाला. दोन दरोडेखोर डोंगरातल्या झोपडीत आपल्या म्होरक्याची वाट बघत बसतात. कॉफी उकळतात, बंदुका पुसतात, एकमेकांच्या नजरेला नजर देत नाहीत. मग पडद्यावर नुसते बर्फ येते. वाऱ्याशिवाय आवाज नाही. बऱ्याच वेळाने वरच्या कडेला एक ठिपका दिसतो आणि तो घोडेस्वार आहे हे कळायला आणखी मिनिट जाते. हे सगळे चार मिनिटे चालते.

"ऑरविल, घोडा मेलाय की रीळ अडकलंय?" खालून डेल खाटकाने विचारले. "उन्हाळ्यापर्यंत पोचला तर निरोप दे, मी घरी जाऊन येतो."

सगळे थिएटर हसले. ऑरविलला ते लागले. शुक्रवारी सकाळी त्याने ती चार मिनिटे माझ्या पात्याखाली धरली आणि मी ती कचकन कापली. ब्याद गेली, असे मलाही वाटले.

रविवारी दुपारी इडा राडमाकर आली. तिचे घर गावापासून बारा मैलांवर. बर्फाने बंद झालेला रस्ता त्या सकाळीच मोकळा झाला होता. तिचा नवरा क्लीट ऑक्टोबरात ट्रॅक्टरखाली सापडून गेला होता. खेळ संपला, लोक कोट चढवू लागले, तेव्हा ती जिना चढून वर आली.

"ऑरविल, क्लीट कुठं आला रे?"

"क्लीट?"

"सिनेमात. म्होरक्या झालेल्या नटाला बर्फात घोडा आवरेना, म्हणून त्याचा कोट घालून ह्याला बसवलं होतं. तीन दिवस एकाच उतारावरून चालवला. रोज घरी येऊन कुरकुर. तोंडाला रुमाल होता म्हणे, पण मी बसण्यावरून ओळखलं असतं. कंबर मोडल्यापासून डावीकडं कलायचा ना."

ऑरविलच्या तोंडचे पाणी पळाले. तो आणि क्लीट चाळीस वर्षे एका होडीत बसून मासे धरत आले होते. तरी गुरुवारी त्याने त्याला ओळखले नव्हते.

"सिनेमावाल्यांनीच कापलं असेल," तो म्हणाला. "त्यांचं काही खरं नसतं."

"असेल," इडा म्हणाली. "एक लग्नातला फोटो आहे, त्यातही ह्याचे डोळे मिटलेले. म्हटलं, एकदा हलताना बघून घेईन."

ती जिना उतरू लागली. मित्रांनो, मला तोंड नाही याचे तेव्हा जितके दुःख झाले, तितके कधी झाले नव्हते. टोपली माझ्या टेबलाखालीच होती. सकाळच्या बसने फिल्म जाणार, मग क्लीट कोणालाच दिसणार नाही.

"इडा, थांब," ऑरविल म्हणाला. "खोटं बोललो. मी कापलं. तो इथं टोपलीत आहे."

ती परत आली. रागावली नाही, रडली नाही. स्टूल ओढून बसली आणि म्हणाली, "जोड."

 ऑरविलने फिल्मच्या कडा खरवडल्या, डिंक लावला आणि मी सगळे बळ एकवटून जबडा दाबला. मग त्याने झरोक्यातून खाली हाक दिली, "क्लीट येतोय. बघायचं असेल त्यांनी बसा."

कोट घातलेलेच लोक पुन्हा बसले. गुरे त्या दिवशी थोडी उपाशी राहिली.

झोपडी आली, कॉफी उकळली, मग बर्फ आले. मला अजून काही दिसत नव्हते, तोच इडा हळूच म्हणाली, "तो बघ. स्वयंपाकघराच्या खिडकीतून असाच दिसायचा. कुंपणाशी पोचला की मी बटाटे चढवायची."

ठिपक्याचा घोडा झाला, घोड्यावर डावीकडे कललेला माणूस झाला.  स्वार बराच जवळ आला, थांबला, झोपडीचा धूर बघितला. मग त्याने घोडा वळवला आणि तो झाडीत नाहीसा झाला. आत बसलेले दोघे अजून वाट बघतच होते. पुढे ते एकमेकांवर संशय घेतात आणि मरतात. तो भाग कापल्यापासून लोक त्यांना वेडपट म्हणत होते.

"म्हणजे तो आला होता," डेल पुटपुटला. गुरुवारी हसण्याच्या नादात त्याने पडद्याकडे धड बघितलेच नव्हते.

इडा रिकाम्या बर्फाकडे बघत राहिली. "वळायला त्याला सांगितलं असणार," ती म्हणाली. "एरवी तो वळला नसता."

सोमवारी फिल्मच्या डब्यात ऑरविलने चिठ्ठी ठेवली, 'हा भाग कापू नका. ह्यात आमचा माणूस आहे.' पुढच्या गावी ती कोणी वाचली की नाही, मला कळले नाही.

आता बायसन बंद आहे. ऑरविल गेला, इडाही गेली. माझ्यावर बोटभर धूळ आहे. दुपारी छपराच्या फटीतून उजेड येतो, कोरा पडदा पांढरा होतो आणि मी त्याच्या वरच्या कडेकडे बघत बसते. कापलेल्या सगळ्याच चित्रांमध्ये कोणकोण होते, हा विचार मला सोडत नाही.

मित्रांनो, संथ सिनेमात कधी काहीच घडत नाहीसे वाटले, तर हसू नका आणि उठू नका. कोणीतरी बर्फातून निघालेले असते आणि त्याला यायला वेळ लागतो.