कुरणनगरची अडवलेली वाट

मित्रांनो, मी एक जुनी पायवाट आहे. सातारा शहरातल्या माची पेठेतून मी निघते, अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याची एक सोंड ओलांडते आणि पलीकडे कुरणनगरात उतरते. वाटेनं रागावू नये, तुडवून घेणं हाच तिचा धर्म, असं सगळे म्हणतात. मीही पुष्कळ वर्षं तसंच समजत होते. पण आज जे सांगणार आहे, ते मला शांतपणे सांगता येणार नाही. तुम्ही ऐकून घ्या.

मला कोणा राजानं बांधलं नाही. कुरणनगर तेव्हा नुसती कुरणवाडी होती. वाडीतल्या बायका दुधाच्या चरव्या, शेण्यांच्या पाट्या, गवताचे भारे डोक्यावर घेऊन शहरात विकायला जायच्या. डोंगर सरळ चढला की छाती भरून येते, म्हणून त्या तिरक्या तिरक्या चालायच्या. एकीला जिथं सोपं गेलं तिथंच दुसरीनं पाय ठेवला, दुसरीच्या मागून तिसरीनं, आणि अशी मी उमटले. माझा चढ इतका बेताचा की डोक्यावरची घागर हिंदकळायची नाही. बाळंतिणी माझ्यावरून माहेरी गेल्या. फौजेत भरती व्हायला निघालेली पोरं माझ्यावरून शहरात उतरली, आणि त्यातली काही पेन्शन घेऊन, मिशा पांढऱ्या करून, माझ्यावरूनच घरी परतली. गाडीरस्ता होताच, पण तो सगळ्या टेकडीला वळसा घालून हमरस्त्याला लागायचा आणि पोवई नाक्यावरून शहरात शिरायचा. पायी जाणाऱ्याला मीच जवळची होते.

राहीबाई नवी नवरी होऊन कुरणवाडीत आली तीही माझ्यावरूनच. तिची धाकटी बहीण सुलाबाई पुढं दोन वर्षांनी माची पेठेत दिली. एक बहीण माझ्या या टोकाला, दुसरी त्या टोकाला. राहीबाईचा नवरा फौजेत, वर्षातून एकदा सुट्टीवर यायचा. सासरी मन उदास झालं की राहीबाई पदर खोचायची आणि बहिणीकडं निघायची. कधी सुलाबाई इकडं यायची. कधी दोघींना एकाच दिवशी आठवण यायची आणि त्या मधल्या वळणावर एकमेकींना भेटायच्या. मग तिथंच बसून बोलत राहायच्या. घरी जायचं आहे हे दोघी विसरायच्या.

राहीबाई आपल्या दोन पोरांना शाळेत सोडायला शहरात न्यायची, तेव्हा शेजारचा विश्वजितही बरोबर असायचा. त्याची आई उसाच्या भांगलणीला जायची, तिला सवड नव्हती. हा पोरगा भारी हट्टी. अर्ध्या वाटेत बसकण मारायचा आणि पाय दुखतात म्हणून भोकाड पसरायचा. मग राहीबाई त्याला कडेवर घ्यायची. स्वतःची पोरं चालायची आणि शेजारणीचं पोर कडेवर. मी तिचे जड झालेले पाय ओळखायचे.

पुढं वाडीचं नगर झालं. घरं वाढली, मोटारसायकली आल्या. तरण्या पोरांनी माझ्याकडं पाठ फिरवली. त्याचंही मला वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू? पण म्हातारी माणसं, शाळेच्या पोरी, सकाळी फिरायला येणारे, एवढे मला पुरत होते.

मग एके दिवशी माझं कौतुक झालं. शहरातून पाहुणे आले. उपनगरापासून ऐतिहासिक शहरापर्यंत सोप्या पायवाटा, अशी काहीतरी योजना होती. कुरणनगरच्या तोंडाशी फरशी बसवली, फीत कापली, फोटो काढले. एक रंगीत फलक लावला. त्यावर किल्ल्याचं चित्र, माझी रेघ आणि माची पेठेकडं जाणारा मोठा बाण. सगळ्या वयाच्या लोकांना चालायला सोपी, असंही लिहिलं. इतकी वर्षं मला कोणी नाव विचारलं नव्हतं. मी हरखून गेले. आज ते आठवलं की माझा मलाच संताप येतो.

कारण पाहुणे गेले आणि वर्षाच्या आत विश्वजितनं माझ्या मधल्या वळणावर भिंत घातली.

तो आता मोठा माणूस झाला होता. जमिनी घ्यायचा, बंगले बांधून विकायचा. माझ्या दोन्ही अंगांचा उतार त्यानं विकत घेतला. मी कोणाच्या मालकीची नव्हते, म्हणून त्यानं मलाही आपलीच धरली. भिंतीत लोखंडी गेट बसवलं, त्याला कुलूप, आणि कुलपाशेजारी खुर्चीवर धुळा. धुळा माण तालुक्यातला, मेंढरांमागं रानोमाळ हिंडलेला माणूस. दुष्काळात कळप विकून चाकरीला लागला होता. लोक अडले की तो मान खाली घालून म्हणायचा की मालकाचा हुकूम हाय. लोक चिडायचे, चार शब्द बोलायचे, आणि वळून जायचे. काही जण तक्रार करायला गेले. बघू, असं उत्तर मिळालं. तरणी पोरं म्हणाली, गाडीवरनं जातो की, कशाला वाद? खाली तो फलक तसाच होता. त्यावरचा बाण माणसांना भिंतीकडं पाठवत होता आणि त्याची कोणालाच लाज नव्हती.

त्याच हिवाळ्यात सुलाबाईला लकवा मारला. उजवं अंग गेलं, बोलणं बोबडं झालं. मुलगा अमृत आणि सून दोघं कामाला जाणारी. जीव लावून करायची, पण सुलाबाई त्यांच्या हातून जेवायची नाही. घास तोंडात धरून बसायची. राहीबाईनं भात कालवून पुढं केला की मात्र निमूट गिळायची. म्हणून राहीबाई रोज जायला लागली. नवरा गेलेला, पोरं पुण्याला, गुडघे झिजलेले. माझ्यावरून ती हळूहळू का होईना, पण न थांबता पोचली असती. भिंतीमुळं तिला हमरस्त्याच्या कडेनं जावं लागे. कधी रिक्षा मिळायची, बहुतेकदा नाही. कारखान्यांचा हंगाम चालू होता. उसाच्या दोन दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर तिच्या लुगड्याला वारा घालत जायचे. एकदा लोंबणाऱ्या उसाचा फटका तिच्या खांद्याला बसला. ती गटारात पडली, उठली, आणि तशीच बहिणीकडं गेली. हे मला शाळेच्या पोरींच्या बोलण्यातून कळलं. मी भिंतीखाली दबलेली. काय करणार होते?

एका दुपारी राहीबाई गेटाशी आली. अमृतचा फोन आला होता. आईचं काही खरं नाही, ती सारखी तुमचं नाव घेतेय, लगेच या, असं त्यानं सांगितलं होतं. हमरस्त्यावर ट्रॉली उलटून वाहतूक तुंबली होती, रिक्षा हलत नव्हत्या. राहीबाईनं धुळाला सगळं सांगितलं. आवाज चढवला नाही. आजच्या दिवस सोड, एवढंच म्हणाली.

धुळानं मालकाला फोन लावला. फोनवरचं बोलणं मी ऐकलं. एकीला सोडलं की सगळं गाव येईल, असं विश्वजित म्हणाला. कोण बाई आहे, हेही त्यानं विचारलं नाही. धुळा नाव सांगेपर्यंत फोन बंद झाला होता.

"मावशी, माझ्या हातात काय न्हाई वं," धुळा म्हणाला.

"चावी हाय की हातात," राहीबाई म्हणाली.

धुळानं खाली बघितलं. चावी खरंच त्याच्या हातात होती. पण त्यानं कुलूप काढलं नाही. राहीबाई गुडघ्यावर हात ठेवून उतार उतरली आणि हमरस्त्याला लागली.

ती पोचली तेव्हा सुलाबाईची वाचा बसली होती. डोळे उघडे होते, पण त्यांना ओळख राहिली नव्हती. दिवस मावळायच्या आत ती गेली. अमृतनं नंतर शेजाऱ्यांना सांगितलं, की आई सारखी दाराकडं बघत होती आणि ताई वळणावर आली का, असं विचारत होती.

माझं वळण. जे भिंतीच्या पोटात गेलं होतं ते.

मित्रांनो, वाटेला पाय नसतात, हात नसतात. तिला उठून कोणाच्या थोबाडीत मारता येत नाही. त्या दिवशी मला दोन्हीची फार गरज होती.

तेराव्यानंतर राहीबाई पुन्हा गेटाशी आली. या खेपेला तिच्यामागं कुरणनगरच्या पंधरावीस बायका होत्या. तिनं बोलावल्या नव्हत्या, आपण होऊन आल्या होत्या. विश्वजित तिथंच होता. पुण्याच्या एका कुटुंबाला बंगल्याची जागा दाखवत होता. इथून किल्ला कसा दिसतो, शांतता कशी आहे, ते सांगत होता. राहीबाईला बघून तो पुढं आला. त्याला कळलं होतं. वाईट झालं, काकी, असं तो म्हणाला. मला माहीत असतं तर नक्की सोडायला सांगितलं असतं, असंही म्हणाला. मग हळू आवाजात म्हणाला, "काकी, तुमची अडचण मला समजते. उद्यापासून रोज गाडी पाठवतो. दारात येईल, पेठेत सोडेल."

"आता कुणाकडं जाऊ रं गाडीनं?" राहीबाई म्हणाली.

पुण्याच्या कुटुंबातली बाई आपल्या नवऱ्याकडं बघायला लागली.

"तुला म्या हितनंच शाळंत न्हेला," राहीबाई म्हणाली. "माझी पोरं चालायची आन् तू माझ्या कडंवर. तवा कुणी आडवलं असतं, तर तू शिकला असतास व्हय? तुला माहीत न्हवतं म्हंतोस. माहीत असायला नाव कशाला लागतं, विशू? बाई म्हंल्यावर सोडायची."

मग तिनं धुळाकडं हात पसरला.

धुळा खुर्चीवरून उठला. "आमच्या मेंढरांची वाट कुणी आडवली, तर आमी काठ्या घिऊन उभं ऱ्हायचो," तो म्हणाला. "आन् त्या दिवशी मीच आडवा झालो. लय वंगाळ झालं माझ्या हातनं." त्यानं चावी तिच्या हातात ठेवली, खांद्यावरचं घोंगडं सावरलं आणि मालकाकडं न बघता उतरून गेला.

कुलूप राहीबाईनं स्वतः काढलं. बायका आत शिरल्या आणि माझ्यावरून माची पेठेपर्यंत चालत गेल्या. विश्वजितनं संध्याकाळी नवं कुलूप लावलं. दुसऱ्या दिवशी बायकांनी ते फोडलं. तो पोलिसांकडं गेला, बायकाही गेल्या. असं बरेच दिवस चाललं. आता मात्र पोरंही यायला लागली होती, गाड्या घरी ठेवून. बंगला घ्यायला आलेली माणसं तो गोंधळ बघून परत जायची. शेवटी एका सकाळी सगळ्या कुरणनगरानं मिळून गेट बिजागऱ्यांसकट उपसलं आणि विश्वजितच्या कार्यालयासमोर नेऊन ठेवलं. भिंतीला त्या जागी मोठं खिंडार राहिलं. ते पुन्हा बुजवायची हिंमत कोणाची झाली नाही.

ज्यांनी माझी फीत कापली होती, ते त्यानंतर पुन्हा आले. हा योजनेचा विजय आहे, असं म्हणाले. राहीबाईला हार घालायला पुढं झाले. तिनं हार घेतला नाही.

मला ठाऊक आहे, अशा गोष्टीच्या शेवटी आम्ही जुन्या वस्तूंनी गोड बोलायचं असतं. आम्हाला जपा, विसरू नका, असं सांगायचं असतं. तेही सांगते. माझ्यावर फरशी घालू नका, पण चालत राहा. माणसं येईनाशी झाली की वाटेवर आधी गवत येतं आणि मग मालक येतो. तुमच्या गावातली अशी वाट कोणी अडवली, तर पहिल्याच दिवशी बोला. कोणी मरायची वाट बघू नका.

राहीबाई अजून येते. मधल्या वळणापर्यंत चढते, खिंडारात उभी राहते. समोर माची पेठ दिसते, सुलाबाईच्या घराचे पत्रे दिसतात. मी आता सरळ तिथपर्यंत मोकळी आहे, उतार सोपा आहे, कोणी अडवत नाही. पण राहीबाई खाली उतरत नाही. तिथूनच मागं फिरते, आणि तिच्या माघारी फिरणाऱ्या पायांखाली मी गप्प पडून राहते. माझा राग अजून गेलेला नाही. तो जाऊ नये, असंच मला वाटतं.