विद्युतलक्ष्मीचा रुसवा

म्हसावदच्या आमच्या गल्लीत परवा मिक्सरची आरती झाली. होय, मिक्सरची! फुलवंताबाईंच्या ओट्यावर पाट, पाटावर मिक्सर, त्याला झेंडूचा हार, आणि भोवती अर्धी गल्ली मोबाईल उंचावून उभी. मधोमध भगव्या सफारीतले विद्युतनाथ महाराज. आजारी माणसं बरी करणारे महाराज आपण पुष्कळ पाहिले. हे बंद पडलेली यंत्रं उठवतात. काळाप्रमाणे बदलायला हवंच ना!

हे दिवस मिरचीचे. वर्षाचा मसाला करायचा, पण मिरची कुटायच्या डंकावर रांग आणि वर कुटाईचे पैसे. म्हणून घरोघरी बायका मिक्सरचं भांडं गळ्यापर्यंत कोंबून मिरची दळतात. मिक्सर घुर्र करतो आणि गप्प बसतो. मग डंकाचे वाचवलेले पैसे पाकिटात घालून महाराजांना फोन! मी इथल्या शाळेत विज्ञान शिकवतो, राहतो शेजारीच. "अहो, आधी मिक्सर उलटा करून तर पाहा," असं मी दोन-तीन घरी सांगितलं. "सर, तुमी देव मानतस नही," असं ऐकून परत आलो.

इथपर्यंत गंमतच होती. पण फुलवंताबाईंचा मिक्सर त्यांच्या सुनेनं, रुपानं, आंदणात आणलेला. लग्नाला वर्षही झालं नव्हतं. पहिल्यांदा बंद पडला तेव्हा महाराजांनी उठवला. सासूनं थोडी मिरची दळली, चालला. दुसऱ्या दिवशी रुपाला भांडंभर दळायला लावली, पुन्हा बंद. महाराजांनी तो पुन्हा उठवला आणि डोळे मिटून निकाल दिला, "वस्तू निर्दोष आहे. सुनेचा पायगुण खोटा आहे. तिला माहेरी ठेवा. मी सांगेन तेव्हाच आणा."

रुपाची बॅग भरून दाराशी ठेवली होती. माहेर पुरुषोत्तमनगरला, फार लांब नाही. पण पायगुण खोटा म्हणून परत पाठवलेली पोर सासरी पुन्हा कधी येते, हे काय मी सांगायला हवं? नवरा धर्मेंद्र चांगला पदवीधर. तो म्हणे, "माय म्हनस तसं करूत." असा संताप आला मला!

दुपारी रुपा माझ्याकडे आली आणि मिक्सरबद्दल नीट विचारून गेली. "मी येतो, सगळ्यांना समजावून सांगतो," मी म्हणालो.

"नको सर. तुमनं कोनी ऐकस नही. तुमी फक्त उभा ऱ्हा."

खरं बोलणाऱ्यावर रागवायचं तरी कसं?

संध्याकाळी, रुपाला धाडण्याआधी, महाराजांचा सोहळा सुरू झाला. आधी सुनेची परीक्षा. महाराजांनी भांडं मिरचीनं ठासून भरायला लावलं आणि सर्वांसमक्ष रुपाच्या हातून मिक्सर चालू करवला. घुर्र... आणि बंद.

"दखं का? दखं का?" गर्दी कुजबुजली. फुलवंताबाईंनी कपाळाला हात लावला.

"माता विद्युतलक्ष्मी रुसली आहे!" महाराज गरजले. "कॉइलला साडेसाती! फेजमध्ये राहू, न्यूट्रलमध्ये केतू! आधी देवीचा वाटा काढा." निम्मी मिरची त्यांच्या पिशवीत गेली. मग आरत्या. एक संपली की दुसरी, दुसरी संपली की तिसरी, टाळ्या वाजवून हात दुखले. शेवटी मिक्सरवर लाल कापड टाकून महाराजांनी दोन्ही हात आत घातले, तो जरासा कलता केला. "ह्रां ह्रीं करंट स्वाहा!"

कापड निघालं, खटका दाबला, आणि मिक्सर गरगरायला लागला.

"उठना! उठना!" मिक्सर उठला म्हणून बायका हात जोडू लागल्या. महाराजांनी लगेच उजव्या अंगठ्यानं फुलवंताबाईंच्या कपाळी विभूती लावली. विभूती पांढरी, पण कपाळावर उमटला काळाकुट्ट पट्टा.

रुपा पुढे आली. "आत्याबाई, आरसामा दखा. हाई काजळ शे. दुपारले मी मिक्सरना बुडले लायेल व्हतं, तठला लाल बटनवर. महाराजना अंगठा दखा!"

महाराजांनी अंगठा मुठीत लपवला. "देवीची लीला अगाध आहे..."

रुपानं तेवढ्यात प्लग काढला आणि मिक्सर उलटा केला. बुडाशी छोटं लाल बटण, त्याच्याभोवती काजळ फिसकटलेलं. आता कुठे गल्लीनं माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, "भांडं जास्त भरलं की मोटरवर ताण पडतो. ती जळू नये म्हणून हे बटण आपोआप बाहेर येतं आणि वीज तुटते. थोडी मिरची काढायची, मोटर निवू द्यायची, बटण दाबायचं. देवीचा वाटा म्हणजे मिरची कमी करणं. आरत्या म्हणजे मोटर निवण्याची वाट पाहणं. आणि कापड कशाला, ते कळलंच."

रुपानं भांडं पुन्हा ठासून भरलं, प्लग लावून मिक्सर बंद पाडून दाखवला. निम्मी मिरची काढली, थोडं थांबली, प्लग काढला. "आते तुमी दाबा, आत्याबाई."

फुलवंताबाईंनी भीतभीत दाबलं. टक्. प्लग लावला, मिक्सर चालला. मान वर करून पाहतो तर महाराज पिशवीसकट पसार. मिरची घेऊन गेले, लबाड!

फुलवंताबाईंनी मिक्सरवरचा हार काढून ठेवला. "चुकनं मन्हं, रुपा. बॅग घरमा ठेव."

"ठेवस. पन एक सांगा आत्याबाई. मिक्सर बंद पडना, तवय तुमी मिक्सरकडे दखं नही. मन्हाकडे का दखं?"

फुलवंताबाई पदरानं कपाळ पुसत राहिल्या. धर्मेंद्रनं बॅग उचलायला हात पुढे केला, तर रुपानं ती स्वतःच उचलली आणि आत गेली. मला त्या घटकेला सगळ्यांची, माझ्यासकट, लाज वाटली.

तेव्हा मंडळी, एवढं करा. यंत्र बंद पडलं तर प्लग काढा, उलटंपालटं करून पाहा, कळत नसेल तर विचारा. निम्म्या वेळा घरच्या घरीच काम होतं आणि पैसे वाचतात. नाहीच जमलं तर दुरुस्तीच्या दुकानात न्या. पण यंत्राच्या बिघाडाचा जाब घरातल्या बाईला विचारू नका.